गाठ तालुक्याला, ब्लॉक मुंबईला: मॉलिक्युलर तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गात आमची लहानशी लॅब आहे. बायोप्सीचा तुकडा येतो, आम्ही तो मेणात बसवतो, कापतो, रंगवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून कॅन्सर आहे की नाही ते सांगतो. पुढच्या जनुकांच्या तपासण्या मुंबई-पुण्याला होतात. त्यांच्याबद्दलचे प्रश्न मात्र आमच्याच काउंटरवर येतात, कारण तिकडे रांग असते आणि इकडे ओळख. तीच उत्तरं इतक्यांदा दिलीत की शेवटी लिहून काढली.

रिपोर्टात कॅन्सर लिहिलाय. मग आणखी कसली तपासणी? पैसे काढायचे धंदे तर नव्हेत?

संशय रास्त आहे, आणि कधी कधी खराही असतो. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

सूक्ष्मदर्शकाखाली आम्हाला पेशींचा आकार आणि त्यांची मांडणी दिसते. त्यावरून कॅन्सर आहे का आणि कोणत्या जातीचा, हे कळतं. पेशीच्या आत कुठलं जनुक बिघडलंय ते मात्र दिसत नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरचे दोन रुग्ण घ्या. दोघांच्या स्लाइड शेजारी ठेवल्या तर मलाही फरक सांगता येणार नाही. पण एकाच्या पेशींत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असतो, दुसऱ्याच्या नसतो. पहिल्याला रोज एक गोळी घेऊन महिनोन्‌महिने बरं वाटू शकतं. दुसऱ्याला त्या गोळीचा उपयोग जवळपास शून्य. फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारात भारतातल्या रुग्णांपैकी साधारण चौघांत एकाला हा बदल सापडतो, म्हणजे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही.

स्तनाच्या कॅन्सरचंही तसंच. ईआर, पीआर आणि हर-टू हे तीन मार्कर, म्हणजे कॅन्सरच्या पेशींतली खुणेची प्रथिनं, बघितल्याशिवाय औषध ठरत नाही. हर-टूचा रिपोर्ट ०, १+, २+ किंवा ३+ असा येतो. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आला की कोणालाच नक्की सांगता येत नाही. मग 'फिश' नावाची तपासणी करून सतराव्या गुणसूत्रावर हर-टूच्या जनुकाच्या किती प्रती झाल्यात ते प्रत्यक्ष मोजतात. फिश म्हटल्यावर काउंटरवर हमखास कोणीतरी हसतं. आमच्याकडे तेवढा विनोद चालतो.

तुकड्याचं तिकडे नेमकं करतात काय?

आम्ही पाठवतो तो ब्लॉक. काडेपेटीपेक्षा लहान अशी प्लॅस्टिकची जाळीदार चौकट, वर मेण, आणि मेणात तुमचा तुकडा. तिथे त्याचे साधारण ४ मायक्रॉन जाडीचे काप घेतात. केसाच्या जाडीचे पंधरा-वीस भाग केले तर त्यातला एक, इतका पातळ काप. कोमट पाण्यावर तो सायीसारखा पसरतो आणि तिथून काचेवर उचलून घेतात.

एक काप रंगवून पॅथॉलॉजिस्ट बघतो आणि पेनाने गोल करतो: कॅन्सरच्या पेशी इथे आहेत. बाकीच्या काचांवर तेवढाच भाग ब्लेडने खरवडतात. मेण विरघळवायचं, प्रथिनं एन्झाइमने पचवायची, उरलेला डीएनए गाळून घ्यायचा. नळीच्या तळाशी जे उरतं ते डोळ्यांना पाण्याच्या थेंबासारखंच दिसतं. एवढ्याशा डीएनएवर काम होतं ते पीसीआरमुळे. कॅरी मलिस यांना १९८३ साली सुचलेली ही युक्ती हव्या त्या भागाच्या प्रती दुप्पट-दुप्पट करत नेते. तीस फेऱ्या झाल्या की एकाचे शंभर कोटी. कोविडच्या काळात आरटी-पीसीआर हा शब्द वाडीवाडीत पोचला, त्यातला पीसीआर हाच.

एकच जनुक बघायचं असेल तर एवढ्यावर भागतं. पाच-पन्नास जनुकं एकदम वाचायची असतील तर एनजीएस करतात.

खरवडलेल्या भागात कॅन्सरच्या पेशी पुरेशा नसतील, समजा दहा टक्क्यांहूनही कमी असतील, तर मशिन कितीही महागडं असलं तरी बदल निसटू शकतो. म्हणून तो पेनाचा गोल महत्त्वाचा. तो अजून माणूसच काढतो.

ऑपरेशननंतर तुकडा आमच्याच हातात देतात. तो कसा आणायचा?

या पानावरचं फक्त एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

एका मे महिन्यात सकाळच्या एसटीने एक गृहस्थ आले. हातात पिशवी, पिशवीत लोणच्याची बरणी, बरणीत बहिणीच्या स्तनातून काढलेली लिंबाएवढी गाठ. गाठ आदल्या दिवशी दुपारी काढलेली. बरणीत होतं सलाइन. झाकण उघडलं आणि वासानेच कळलं. कापली तर आतून राखाडी, पावसाळ्यातल्या चिखलासारखी मऊ. कॅन्सर आहे एवढं कडेच्या भागावरून सांगता आलं. ईआर, पीआर, हर-टू यांतलं काहीच धड रंगलं नाही. त्या बाईंना काखेतल्या गाठीची पुन्हा बायोप्सी करावी लागली. तीन आठवडे गेले. दवाखान्यातलं फॉर्मॅलिन संपलं होतं आणि कोणीतरी हाताला लागलं ते ओतलं होतं, एवढंच झालं होतं.

शरीरातून बाहेर आल्याक्षणी तुकडा कुजायला लागतो. त्याला थांबवतं ते फॉर्मॅलिन. दहा टक्के, बफर घातलेलं. साधं जुनं फॉर्मॅलिन हळूहळू आंबट होतं, त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि डीएनएचे तुकडे पडतात. किती घालायचं? घरी खारात कैऱ्या घालता ना, तसं. कैरी खाराच्या वर डोकं काढून बसली तर तिला बुरशी धरणारच. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिन हवं आणि तुकडा त्यात मोकळा फिरायला हवा. बरणी रुंद तोंडाची घ्या. मऊ असताना चेपून आत घातलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये कडक होते आणि मग बाहेर निघत नाही. बरणी फोडून गाठ काढायची वेळ माझ्यावर दोनदा आलीय.

मोठी गाठ असेल तर सर्जनला सांगा की मधोमध एक काप देऊन मग बुडवा. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं. सबंध गाठ बुडवली की बाहेरून टिकते आणि आतून सडते.

वेळेचा हिशेबही आहे. स्तनाच्या गाठीसाठी नियम असा: काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये, आणि फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास. कमी पडलं तर रंग बसत नाही. फार झालं तर फॉर्मॅलिन प्रथिनं आणि डीएनए एकमेकांना इतके घट्ट बांधतं की नंतर सुटत नाहीत. पावसात घाट बंद पडतो, गणपतीत हायवे तुंबतो, आणि बरणी चार दिवस कोणाच्या तरी पडवीत बसते. अशा वेळी मुंबईच्या गाडीची वाट बघू नका. जवळच्या लॅबमध्ये ब्लॉक करून घ्या. एकदा मेणात गेला की तुकड्याला घाई नाही.

बर्फाचंही सांगते. बांगडा बर्फात आणतात म्हणून तुकडाही बर्फात आणणारे दर मोसमात दोघं-तिघं असतात. गोठताना पेशींत पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फुटतात. फॉर्मॅलिनमधला तुकडा साध्या हवेत ठेवा. बरणीवर नाव, तारीख आणि *काढल्याची वेळ* लिहा. ती वेळ लिहून आणणारा दिसला की मला त्याला चहा पाजावासा वाटतो.

सुई लावल्यावर गाठ फुटता आणि कॅन्सर पसरता, असा म्हणतत. खरा काय?

नाही. नेहमीच्या गाठींत सुईच्या तपासणीने कॅन्सर पसरण्याची भीती नगण्य असते. काही मोजक्या जागी, उदाहरणार्थ अंडकोषाच्या गाठीत, डॉक्टर स्वतःच सुई टाळतात. 'सुई लावली आणि माणूस गेला' ही गोष्ट प्रत्येक वाडीत आहे, कारण माणूस सुई लावून घ्यायला दवाखान्यात पोचतो तोच आजाराच्या शेवटी.

हाडाची बायोप्सी आहे. तिला वेगळं काही?

हो. हाड मऊ करायला बहुतेक ठिकाणी आम्ल वापरतात आणि आम्ल डीएनएची वाट लावतं. जनुकीय तपासणी लागेल असं वाटत असेल तर आधीच सांगा. मग आम्लाऐवजी ईडीटीए नावाचं रसायन वापरतात. वेळ जास्त लागतो, डीएनए वाचतो.

हे सगळं रक्तावर होत नाही का? लिक्विड बायोप्सी म्हणून ऐकलंय.

काही प्रमाणात होतं. कॅन्सरच्या पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सुटतात आणि तेच शोधायचे असतात. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआरसाठी अशी तपासणी अमेरिकेत २०१६ साली मान्य झाली. खोलवरची गाठ, म्हातारा माणूस, सुई लावता येत नाही, अशा वेळी ती फार उपयोगी पडते.

कोकणातली अडचण प्रवासाची. नेहमीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं तर काही तासांत त्यातला प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. तसं न करता ती नळी रात्रीच्या बसने पाठवली तर वाटेत पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए प्लाझ्मात मिसळतो आणि कॅन्सरचा चिमूटभर डीएनए त्यात बुडून जातो. यासाठी पेशी न फुटू देणारी खास नळी मिळते, तिच्यात रक्त काही दिवस टिकतं. रक्त द्यायच्या आधी नळी कोणती ते विचारा. आणि रक्तात बदल सापडला नाही म्हणजे तो गाठीत नाहीच, असं होत नाही. शक्य असेल तर मग तुकड्यावर बघावं लागतं.

पाचशे जनुकांचं पॅकेज घ्या म्हणतात. घ्यायचं का?

माझं मत विचारत असाल तर बहुतेकांना नको.

प्रश्न एकच विचारायचा: 'या रिपोर्टाने माझं औषध बदलणार आहे का?' फुप्फुस, स्तन, मोठं आतडं, रक्ताचे कॅन्सर यांत ठराविक तपासण्यांनी खरोखर बदलतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे आपल्याकडे ज्याचे रुग्ण वरचेवर येतात त्यात, पहिली गरज वेळेवर ऑपरेशनची असते. एक कुटुंब बागेवर कर्ज काढून मोठं पॅनेल करून आलं होतं. पस्तीस पानांचा रंगीत रिपोर्ट, आणि त्यातल्या एकाही ओळीने उपचार बदलले नाहीत. ऑपरेशन मात्र दीड महिना लांबलं. मुंबईची, गोव्यातल्या बांबोळीची किंवा कोल्हापूरची वाट धरण्याआधी सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

उलट बाजूही सांगायला हवी. सीएमएल नावाच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये १९६० साली फिलाडेल्फियात दोघा संशोधकांना एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ साली जॅनेट रावली यांनी दाखवलं की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन ते बनतं. त्या जोडातून जे बिघडलेलं प्रथिन तयार होतं, त्याला अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मान्य झाली. म्हणजे शोधापासून गोळीपर्यंत चाळीस वर्षं. २०१३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या गोळीच्या नव्या रूपाला पेटंट नाकारलं आणि भारतात बनणाऱ्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. आज आमच्याकडे सीएमएलचे असे रुग्ण आहेत जे सकाळी गोळी घेतात आणि कलमांना पाणी घालायला जातात. त्यांना दर काही महिन्यांनी लागते ती एकच पीसीआर. पाचशे जनुकं नाहीत.

मिश्री आणि सुपारीने कॅन्सर होतो हे कोणी सिद्ध केलंय? आमची आजी नव्वद वर्षं जगली.

आजीला नमस्कार. सिद्ध मात्र झालंय, आणि त्याची सुरुवात इथलीच आहे. मुंबईत टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं. तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर, आडनाव ऐकून वेंगुर्ल्याचे कान टवकारतीलच, यांनी १९४४ साली तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीने एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखू आणि पान खाण्याच्या सवयींचा तोंडाच्या कॅन्सरशी असलेला संबंध तेव्हापासून त्यांच्या कामाचा विषय होता.

जनुकांपर्यंत पोचायला पुढे सत्तर वर्षं गेली. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकविज्ञान संस्था आणि टाटाचंच संशोधन केंद्र असलेलं खारघरचं अ‍ॅक्ट्रेक यांनी मिळून भारतीय रुग्णांच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरचे जनुकीय बदल वाचले. ते काम २०१३ साली प्रसिद्ध झालं. टीपी-५३, फॅट-१, कॅस्प-८, नॉच-१ ही जनुकं पुन्हापुन्हा बिघडलेली दिसली, आणि जगात इतरत्र या कॅन्सरमध्ये नोंद नसलेली काही नवीही सापडली. गाल आणि हिरडी यांच्यामधली ही खाच म्हणजे मिश्री लावायचं बोट जिथे फिरतं आणि तंबाखूची गोळी जिथे धरून ठेवतात, तीच.

यातलं टीपी-५३ समजून घेण्यासारखं आहे. पेशीचा डीएनए बिघडला की हे जनुक तिला थांबवतं: आधी दुरुस्ती कर, नाही जमली तर मर. तंबाखूतल्या नायट्रोसअमाइनसारख्या रसायनांचे डाग डीएनएवर बसतात. त्यातला एखादा नेमका या जनुकावर बसला तर राखणदारच गेला. मग पुढचे बिघाड साठत जातात, त्याला वर्षं लागतात. तव्यावर भाजून काळी केलेली मिश्री ही 'नुसती दात घासायची' असते असं आम्हाला रोज ऐकवलं जातं. ती तंबाखूच आहे.

सुपारी हा आपल्याकडे नाजूक विषय. श्रीवर्धनपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत माडाखाली पोफळी आहेत, घरं त्यावर चालतात, आणि सुपारीशिवाय कुठलंही मंगलकार्य होत नाही. पूजेतल्या सुपारीबद्दल कोणाचीच तक्रार नाही. चघळण्याबद्दल आहे. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने दिलेला आहे. त्याआधी दिसतं ते तोंड कमी उघडणं. सुपारीतलं अरेकोलीन गालाच्या आतल्या पेशींना जास्त कोलॅजन बनवायला लावतं. शिवाय सुपारीत तांबं बरंच असतं, आणि कोलॅजनच्या धाग्यांना टाके घालणारं एन्झाइम तांब्यावरच चालतं. गाल आतून पांढरा पडतो, सुंभासारख्या दोऱ्या हाताला लागतात. तिखट सोसवत नाही. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर दाखवून घ्या. बाविशीची पोरं येतात अशी, पाकिटातली सुपारी खाणारी.

आईला स्तनाचा कॅन्सर होता. मला होणार का?

बहुतेक स्तनाचे कॅन्सर घराण्यातून येत नाहीत. साधारण ५ ते १० टक्के येतात. त्यांत बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुकं मुख्य. आई कमी वयात आजारी पडली असेल, मावशीलाही होता, कोणाला अंडाशयाचा किंवा कोणा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर तपासणीचा विचार करावा. ती रक्तावर होते, आणि शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करावी. तिच्यात दोष सापडला तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलग्यालाही. माहेरची गोष्ट म्हणून जावई आणि मुलगे कान झाकून बसतात, पण वडिलांकडूनही ते जनुक तेवढंच उतरतं.

दोष सापडणं म्हणजे कॅन्सर होणं नव्हे, तपासण्या लवकर आणि वरचेवर करणं. खरी भीती बऱ्याचदा वेगळीच असते आणि ती हळू आवाजात विचारली जाते: 'मुलीचं लग्न ठरेल ना?' रिपोर्ट तिचा आहे, तिच्या परवानगीशिवाय तो आम्ही कोणालाच दाखवत नाही. मामालाही नाही.

या तपासण्या फक्त कॅन्सरसाठीच का?

छे. तुम्ही नाव न घेता वापरल्यासुद्धा असतील. लावणीच्या दिवसांत ताप आला आणि लेप्टोचा संशय असला तर पहिल्या आठवड्यात रक्तातले जंतू पीसीआरने सापडतात. अँटीबॉडीची तपासणी तेव्हा निगेटिव्ह येऊ शकते, कारण शरीराने अजून अँटीबॉडी बनवलेल्याच नसतात. पण डॉक्टरांना लेप्टो वाटत असेल तर रिपोर्टासाठी औषध थांबवायचं नसतं.

दोडामार्गात २०१६ साली माकडताप आला, तोही असाच ओळखला जातो. गोचिडीतून येणारा हा विषाणू कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली पहिल्यांदा सापडला होता. काजूच्या बागेत जाणाऱ्याला ताप आला आणि आसपास माकडं मरून पडली असतील तर ते डॉक्टरला आवर्जून सांगा. टीबीमध्ये सीबीनॅट मशिन दोनेक तासांत जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद देईल का, दोन्ही सांगतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही या विषाणूची डीएनए तपासणी आहे. तिच्यात कॅन्सर होण्याच्या कित्येक वर्षं आधी धोका कळतो, आणि माझ्या मते पाचशे जनुकांच्या पॅकेजपेक्षा गावोगाव हिची जास्त गरज आहे.

दवाखान्यात संशोधनासाठी सही मागतात. तुकडा विकतात का?

सही देण्याआधी कागद मराठीत मागा आणि वाचून घ्या. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नीतिनियमांनुसार समजावून घेतलेली संमती लागते, नाही म्हटलं म्हणून उपचार अडवता येत नाहीत, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. तीन गोष्टी विचारा: निदानाला पुरेल एवढा तुकडा शिल्लक राहणार ना, माझं नाव कोणाला कळणार, आणि माझ्या उपयोगाचं काही सापडलं तर मला सांगणार का.

मी स्वतः सही देईन. वरचं गाल-हिरडीचं सगळं ज्ञान ज्या तुकड्यांतून आलं ते कोणीतरी दिलेले होते. पण घाईत, ऑपरेशनच्या दारात, अंगठा घेतलेली संमती मला पटत नाही.

रिपोर्टात 'व्हीयूएस' लिहिलंय.

बदल सापडलाय, पण तो बाधतो की नाही ते अजून ठरलेलं नाही. त्यावरून कोणतंही ऑपरेशन करून घेऊ नका. दोनेक वर्षांनी पुन्हा विचारा. असे शेरे बदलतात.

टाटाला जाताना ब्लॉक आणि स्लाइड मागतात. तोवर घरी कुठे ठेवायच्या?

लॅबमध्ये सही करून घ्या. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टावरच्या नंबराशी तिथेच जुळवून बघा. सगळे ब्लॉक एकाच ठिकाणी देऊन टाकू नका, आणि तपासणी झाली की परत मागा. पुढे नवीन औषध आलं तर तोच ब्लॉक पुन्हा कापता येतो. दहा वर्षांपूर्वीचे ब्लॉक काढून आम्ही पाठवलेत आणि त्यातून उत्तर मिळालंय.

ठेवायचं ते सावलीत, कोरड्या डब्यात. मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं आणि मेमध्ये उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. उंदीर आणि मुंग्याही मेणाला लागतात. एका आजींनी आपल्या नवऱ्याचा ब्लॉक चार वर्षं कोकमाच्या रिकाम्या डब्यात, फडक्यात गुंडाळून, रेशनकार्डाबरोबर ठेवला होता. बाहेर काढला तेव्हा त्याला आमसुलांचा वास होता. कापला, ईजीएफआर लागला.